नवी टाकी, जुनं भांडं

३ फेब्रुवारी, मंगळवार

ज्या घरात कर्त्या पुरुषाला फोनवर धड खोटंसुद्धा बोलता येत नाही, त्या घराला घर का म्हणावं, असा प्रश्न आज पडला.

सकाळी साहेबांचा फोन. मी बनियनवर, हातात चहा. सांगितलं, निघालोय सर, गाडीत आहे, सिग्नलला अडकलोय. नेमकी त्याच क्षणी बाबांनी साखळी ओढली. आमची फ्लशची टाकी बाबांनी घर घेतलं तेव्हाची. लोखंडी, छताखाली टांगलेली, हत्तीच्या पिल्लाएवढी. साखळी ओढली की आधी घशात घरघर, मग खाकरणं, मग धरण फुटावं तसा लोंढा. त्यानंतर बराच वेळ भिंतीतल्या पाईपांची कुजबुज. साहेबांनी शांतपणे विचारलं, सिग्नल नदीत उभा केलाय का?

दुपारपर्यंत ऑफिसभर झालं. कँटीनमध्ये तिघांनी वेगवेगळं येऊन विचारलं, पोहता येतं ना?

निश्चय केला. टाकी बदलायची.

संध्याकाळी: विचारांती लक्षात आलं, की प्रश्न आवाजाचा नाहीच. प्रश्न पाण्याचा आहे. पृथ्वीवरचं गोडं पाणी संपत चाललंय. मला हे आधीपासून वाटतच होतं.

४ फेब्रुवारी

मोजमाप केलं. जुनी टाकी एका ओढीला बादलीभर पाणी पिते, आणि वर तांब्या. नव्या टाक्यांना दोन बटणं असतात. मोठं दाबलं तर निम्मं पाणी, लहान दाबलं तर त्याच्याही निम्मं. वर्षाचा हिशेब केला, तर मोबाईल आडवा धरल्याशिवाय आकडा मावेना.

जेवताना जाहीर केलं. बायको म्हणाली, मग सिंकचा नळ गेल्या वर्षापासून टिपकतोय, बचतीची सुरुवात तिथून करा. हे विषयांतर. मुलगी म्हणाली, वॉशरूमची कडी पण लागत नाही, तिचं काय? हेही विषयांतर. बाबांनी घास संपवला आणि म्हणाले, त्या टाकीने आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही.

जुन्या पिढीला भावना फार.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात गेलो. विक्रेता म्हणतो, साहेब, टाकी आणि भांडं जोडीनेच घ्या, सेट असतो. कमी पाण्यात साफ व्हावं म्हणून भांड्याचा आकारच वेगळा केलेला असतो. मी मनात हसलो. भांडं बदलायचं म्हणजे फरशी फोडा, फरशी फोडली की भिंतीच्या टाइल्स, टाइल्स काढल्या की बायको म्हणणार आता किचनपण करून घ्या. नुसती टाकी घेतली.

घरी आल्यावर बायकोने खोक्यावरचं मोठ्याने वाचून दाखवलं: ही टाकी याच कंपनीच्या भांड्यासोबत वापरावी. तिला प्रेमाने समजावलं. पंख्याच्या कंपनीत तक्रार विभागात माझी हयात गेली. आमच्या प्रत्येक खोक्यावर 'फक्त कंपनीचाच स्क्रू वापरावा' असं जे वाक्य आहे, ते मीच घातलंय. कंपनी स्क्रू बनवत नाही.

ती म्हणाली, म्हणजे तुम्ही लोकांना फसवता तसं लोक तुम्हाला फसवतायत, असं समजून तुम्ही स्वतःला फसवताय.

वाक्य नीट कळलं नाही. पण तिला सूर लागला होता.

८ फेब्रुवारी, रविवार

प्लंबर आला. सकारात्मक माणूस. विचारलं, जुन्या भांड्यावर नवी टाकी बसते का? म्हणाला, होतं साहेब. पाईप जुना, मापात नाही, चालेल? होतं साहेब. पुढे गळाबिळायला लागलं तर? होतं साहेब, तसंपण होतं.

दुपारपर्यंत बसली. पांढरीशुभ्र, सडपातळ. बटण दाबलं. पुस्तकाचं पान उलटावं तेवढा आवाज. डोळे भरून आले.

जुनी टाकी भंगारवाला घेऊन गेला. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बाबा दारात उभे होते. मी म्हणालो, चला बाबा, नव्याचं उद्घाटन तुमच्या हस्ते. म्हणाले, आत्ता नाही लागलेली.

९ फेब्रुवारी

शास्त्रीय तुलना. जुनी आणि नवी, समोरासमोर.

आमच्या टाकीची सख्खी जुळी बहीण खालच्या मजल्यावर मावशींकडे अजून आहे. मावशी रक्ताच्या नाहीत, आईच्या मैत्रीण. इस्पितळात मेट्रन होत्या, त्यामुळे सगळी बिल्डिंग त्यांना अजून पेशंट वाटते. एकट्या राहतात. त्यांना म्हटलं, तुमचं टॉयलेट जरा वापरायचंय, प्रयोगासाठी. म्हणाल्या, माझ्याकडे येणारे सगळे आधी प्रयोगच म्हणतात.

नमुना म्हणून उकडलेले, सोललेले बटाटे नेले होते. आकाराने बेताचे. शिवाय टिश्यूचे बोळे. मावशींकडे एका ओढीत बटाटे गेले, बोळे गेले, आणि भांड्याच्या काठाला अडकवलेली सुगंधी वडी होती, तीही गेली. मावशींनी ती भरून मागितली आहे.

आमच्याकडे मोठं बटण दाबलं. बटाट्यांनी एक संथ फेरी मारली आणि आपापल्या जागी परत आले. पुन्हा दाबलं. पुन्हा फेरी. तिसऱ्यांदा कंटाळून गेले असावेत.

निष्कर्ष: बटाटा हा प्रातिनिधिक नमुना नव्हे.

बायको संध्याकाळभर बटाटे शोधत होती. संशोधकाला काही गोष्टी मनातच ठेवाव्या लागतात.

१२ फेब्रुवारी

किरकोळ तक्रारी सुरू. बाबा बाहेर आले आणि विचारलं, कुठलं बटण केव्हा? मी समजावलं, कामाच्या आकारमानावर आहे. म्हणाले, म्हणजे आधी मागे वळून स्वतःचं मूल्यमापन करायचं आणि मग बटण? एक्क्याऐंशी वर्षं केलं नाही रे ते.

दोन्ही बटणांशेजारी सूचना चिकटवल्या. मुलगी म्हणाली, मैत्रिणींना घरी बोलवायचं मी आता सोडून दिलंय. तिच्या एकाग्रतेसाठी चांगलं आहे.

१४ फेब्रुवारी

आज दारातून कान देऊन ऐकलं. बाबा मोठं बटण दाबतात. थांबतात. टाकी भरायची वाट बघतात. पुन्हा दाबतात. मग बादलीचा आवाज. मग पुन्हा बटण. बाहेर येतात तेव्हा घाम आलेला असतो आणि कुणाच्या नजरेला नजर देत नाहीत.

बायको आणि मुलगी यांचीही तीच तऱ्हा. एवढ्या पाण्यात जुनी टाकी बरी होती असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही.

आमच्या विभागात अशा तक्रारींसाठी शिक्का आहे: दोष वस्तूत नाही, वापरणाऱ्याच्या सवयीत आहे. घरच्यांच्या सवयी सुधारायच्या. प्रेमाने. पण स्पष्ट.

१५ फेब्रुवारी, रविवार

जेवताना विषय काढला. नाव कुणाचं घेतलं नाही. एवढंच म्हणालो, की या घरातली एक वडीलधारी व्यक्ती एका बैठकीत पाच पाच वेळा मोठं बटण दाबते, आणि मी ते दारामागून मोजलेलं आहे.

बाबांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, उद्यापासून बघतो मी काय ते. आणि उठले. ताटात अर्धं अन्न तसंच.

टेबलाखाली बायकोचा पाय माझ्या नडगीवर जोरात आदळला. तिला हल्ली पायात गोळे येत असावेत.

एकंदरीत चर्चा सकारात्मक झाली.

१९ फेब्रुवारी

परिणाम दिसू लागला! मीटर बघितलं. रोजच्या वापराचा आकडा झपाट्याने खाली. माणसाला फक्त सांगावं लागतं.

घरात एक प्रकारची शिस्त आली आहे. मुलगी पहाटे उठून लायब्ररीत जाते. बायकोने ती काम करते त्या बँकेजवळचं जिम लावलं. म्हणे तिथे शॉवर आहे, सगळंच आहे. 'सगळंच' वर जोर होता. बाबा जेवतात कमी, पाणी तर घोटभरच पितात. मी त्यांचं कौतुक केलं. म्हणालो, बाबा, तुम्ही पाण्याचा विषय मनावर घेतलात. म्हणाले, हो, घेतला.

२२ फेब्रुवारी, रविवार

ऑफिसला गेलो. रविवार असूनही. कामाची ओढ, दुसरं काय. वॉचमनने विचारलं, साहेब, आज काय अर्जंट? मी थांबलो नाही. लिफ्टचीही वाट बघितली नाही. कॉरिडॉरच्या टोकाला, डाव्या हाताचं शेवटचं दार. काम लगेच उरकलं. रविवारी ऑफिसात किती प्रसन्न वाटतं, हे बाकीच्यांना कळणार नाही.

आपलं टेबल बघायचं राहिलं. पुढच्या रविवारी.

२५ फेब्रुवारी

बिल्डिंगची मीटिंग. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की आमच्या घराचा पाण्याचा वापर निम्म्यावर आलाय. कसा? इच्छाशक्ती. टाळ्या झाल्या. एक टाळी सेक्रेटरींची, पण ते डास मारत होते असं बायको म्हणते.

तीन सूचना मांडल्या. दर महिन्याला सगळ्यांचे आकडे जिन्याखालच्या बोर्डावर लावायचे. ज्याचा वापर सगळ्यात जास्त, त्याचं नाव ठळक. आणि त्या घराच्या पाईपवर वॉल्व्ह बसवून पाण्याची धार बारीक करायची, सुधारेपर्यंत. मावशी मागून म्हणाल्या, शाळा संपली म्हणून वाईट वाटतंय का रे तुला? हशा झाला. तरी ठराव पास.

मला 'पाणीप्रमुख' नेमलं. सेक्रेटरी म्हणाले, आता तुम्हीच निस्तरा. विश्वास म्हणतात तो हा.

२८ फेब्रुवारी

घरात एक नाजूक प्रकरण.

बाबा हल्ली रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतात. केस विंचरतात. काखेत पेपर घेतात आणि खाली मावशींकडे जातात. अर्ध्या तासाने येतात ते चेहऱ्यावर समाधान घेऊन. संध्याकाळीही कधी कधी जातात. जाताना पावलं दबकी, श्वास जरा रोखलेला, एक हात पोटावर. तसा हात छातीवर हवा. पण त्या वयात भावना खाली सरकत असतील.

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. मी जुनाट विचारांचा नाही. तरी पण.

बायकोला विश्वासात घेतलं. ती म्हणाली, तुम्हाला खरंच असं वाटतं? मी म्हणालो, लक्षणं स्पष्ट आहेत. ती म्हणाली, अहो, हात जोडते, त्यांच्याशी काही बोलू नका. आणि ओढणी तोंडाला लावून किचनमध्ये गेली. तिलाही गहिवरून आलं असावं.

४ मार्च

बोललो. मुलगा म्हणून कर्तव्य होतं.

सकाळी बाबा खाली निघाले तेव्हा जिन्यात गाठलं. कठड्याला हात लावून वाट अडवली, कारण असले विषय माणसं टाळतात. म्हणालो, बाबा, मला सगळं माहीत आहे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणालो, लाजण्यासारखं त्यात काही नाही, निसर्ग आहे. ते म्हणाले, आल्यावर बोलू. मी म्हणालो, नाही, आत्ताच मोकळं होऊन जाऊ दे. ते एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. कपाळाला घाम. मी एकटेपणावर बोललो, उतारवयातल्या सोबतीवर बोललो, लोक काय म्हणतील त्यावरही बोललो. शेवटी त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, बाळा, सोड रे मला, पाया पडतो.

डोळ्यांत पाणी होतं. मी बाजूला झालो. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस दोन दोन पायऱ्या उतरत गेला.

इतकी ओढ! आमच्या लग्नातसुद्धा एवढी नव्हती.

६ मार्च

पहिल्या महिन्याचे आकडे. आमचं घर सगळ्यात कमी. सगळ्यात जास्त कोण, तर मावशी. एकटी बाई, आणि पाणी चार माणसांचं!

सेक्रेटरींनी त्यांना विचारलं, काय हो, एवढं कसं? म्हणाल्या, हल्ली मी आंघोळी फार करते. मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम. बोर्डावर त्यांचं नाव ठळक लिहिलं, खाली पाणीप्रमुख म्हणून माझी सही. दुपारी प्लंबरने त्यांच्या पाईपवर वॉल्व्ह बसवला. विचारलं, धार अगदी बारीक होईल ना? होतं साहेब.

मावशींनी बोर्ड वाचला. मग मला नखशिखांत बघितलं, नाडी बघावी तसं, आणि म्हणाल्या, जेवण जातंय का रे तुझं नीट?

त्यांनी मनाला लावून घेतलेलं दिसत नाही.

१० मार्च

बाबा मावशींकडून आज लगेच परत आले. पुन्हा गेले. पुन्हा आले. दुपारी जेवलेच नाहीत. चहासुद्धा नको म्हणाले. खोलीत आडवे पडून राहिले, भिंतीकडे तोंड करून.

भांडण झालं असावं. होतात या गोष्टी.

बायको माझ्याशी बोलत नाही. कारण विचारलं, तर म्हणाली, तुमची तक्रार नोंदवून घेतलीय.

११ मार्च, संध्याकाळ

बाबांनी बॅग काढली. रविवारी दुपारच्या बसने माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, जातो म्हणाले. किती दिवस? बघू. आक्काचं घर तीन जिने चढून, बाबांचे गुडघे असे, तिथे गच्चीवरच्या खोलीत झोपणार. मी म्हणालो, इथे काय कमी आहे तुम्हाला? शर्टाच्या घड्या घालत म्हणाले, कमी काही नाही रे. सगळं नवं आहे.

नंतर फोनवर आक्काशी बोलत होते. दार पुढे लोटलेलं होतं. तिला एकच गोष्ट दोनदा विचारली: तुझ्याकडचा संडास आहे तोच आहे ना? बदललेला नाहीस ना?

हे मी ऐकलेलं नाही.

१२ मार्च

ऑफिसातून येताना मावशींनी जिन्यात थांबवलं. मागच्या आठवड्यात मी जिथे बाबांना अडवलं होतं, त्याच पायरीवर. बस म्हणाल्या. बसलो.

म्हणाल्या, तुझा बाप माझ्याकडे प्रेम करायला येतो असं तू बायकोला सांगितलंस म्हणे? मी म्हणालो, लक्षणं तशी... म्हणाल्या, गप. तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी, लक्षणं मला शिकवू नकोस. पहिल्या दिवशी दारात उभा राहिला तुझा बाप. इकडे बघेना, तिकडे बघेना. म्हणाला, वहिनी, जरा अडचण आहे. मुलाने भर जेवणात माझा हिशेब काढला. आता त्या घरात आत जायला भीती वाटते.

मी म्हणालो, मी नाव घेतलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

म्हणाल्या, पहाटे तुझी मुलगी येते. जगात कुठली लायब्ररी पहाटे उघडते रे? जिमला सुट्टी असेल त्या दिवशी तुझी बायको येते. अख्खं घर माझ्याकडे येऊन जातं आणि वर तू मीटिंगमध्ये टाळ्या घेतोस. तेवढा तूच काय तो आला नाहीस. तू कुठे जातोस?

मी बुटाची नाडी बांधायला घेतली.

मग त्यांचा आवाज उतरला. म्हणाल्या, तुझ्या त्या वॉल्व्हपासून माझी टाकी भरायला दुपार होते. तो बिचारा खुर्चीत बसून राहतो, मी रेडिओ मोठा करते, म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होऊ नये. परवा टाकी भरलीच नाही वेळेवर. वर यायला निघाला, तोवर उशीर झाला होता. पुढचं विचारू नकोस. पँट मी धुवून वाळवली आहे, ती घेऊन जा. आणि त्याला कळू देऊ नकोस, की तुला माहीत आहे.

पँट घडी केलेली होती. एवढ्याशा धारेत कशी धुतली असेल कोण जाणे.

वर आणली. बाबा झोपले होते. कपाटात इतर कपड्यांच्या मध्ये ठेवून दिली.

आज आणखी काही लिहायचं नाही.

१३ मार्च

मार्ग काढायचा. मी तक्रार निवारणातला माणूस आहे.

मार्ग एक: कमिटीसमोर उभं राहून सगळं सांगायचं. मावशींचं पाणी आमचं होतं. भाषणही तयार केलं, सुरुवात छान झाली. पण कुणीतरी विचारणार, तुमचं पाणी खाली कसं गेलं? मग बाबांचं नाव निघणार. म्हणजे आधी जेवणाच्या टेबलावर, आता बोर्डावर.

मार्ग दोन: गप्प बसायचं. वॉल्व्ह तसाच राहील आणि बाबा रविवारी बसमध्ये बसतील.

मार्ग तीन: जुनी टाकी परत आणायची. भंगारवाल्याकडे गेलो. म्हणाला, साहेब, तिचे आता खिळे झाले असतील.

मार्ग चार: सेटमधलं भांडं. दुकानात गेलो. त्या विक्रेत्याने मला ओळखलं, पण उघडपणे हसला नाही. भांडं ऑर्डर दिल्यावर येतं, महिना धरा म्हणाला. ऑर्डर दिली. फरशी फोडावी लागणार. टाइल्सही. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आपणच ठराव मांडला, आपणच सही केली, आपणच कडी लावली, आणि आत आपणच. बाहेरून कुणी दार वाजवतही नाही. सगळ्यांना वाटतंय मी मजेत आहे.

१४ मार्च, शनिवार

सेक्रेटरींकडे गेलो. सांगितलं, माझ्याकडून नोंदीत चूक झाली. दोन मजल्यांचे आकडे एकमेकांच्या जागी पडले. सगळ्यात जास्त पाणी आमच्या घराचं आहे, मावशींचं नव्हे.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, पाणीप्रमुखांच्या घरचं? मी म्हणालो, हो. म्हणाले, अहो, पण तुम्ही तर टाळ्या घेतल्या. मी म्हणालो, हो. म्हणाले, तुमचं नाव ठळक लिहायचं, आणि खाली सहीपण तुमचीच? लोक फोटो काढतील हो. मी म्हणालो, काढू देत. आणि वॉल्व्ह आमच्या पाईपवर घ्या.

त्यांना काहीतरी संशय आला, पण पाण्याबद्दल नाही. आमच्या संसाराबद्दल आला असावा. सहानुभूतीने पाठीवर थोपटलं.

प्लंबरला फोन केला, वॉल्व्ह खालचा काढून वर लावायचा आहे, आज होईल का? होतं साहेब. आला नाही. पुन्हा फोन केला. म्हणाला, सोमवारी होतं.

बोर्डावरचं नाव मी स्वतः बदललं. ठळक. मुलगी कॉलेजातून आली, वाचलं, आणि जिना चढून येताना जरा हळू आली. चहा करून दिला. तिने मला शेवटचा चहा केव्हा दिला होता, आठवत नाही.

१५ मार्च, रविवार

ऑफिसला गेलो नाही.

सकाळी लवकर दोन बादल्या भरल्या आणि खाली नेल्या. मावशींनी दार उघडलं. स्टूल पुढे सरकवलं. टाकीचं झाकण काढलं आणि वरून पाणी ओतलं. अर्धं टाकीत, अर्धं माझ्या बाहीत. टाकी अजून तांब्याभर कमीच. वर जाऊन आणखी दोन आणल्या. जिन्यात सेक्रेटरी दिसले. म्हणाले, झाडं लावलीत का? हो म्हणालो.

दुसऱ्या खेपेला बाबा आलेले होते. इस्त्रीचा शर्ट, काखेत पेपर. स्टुलावर चढलेला, ओल्या शर्टातला मुलगा त्यांनी बघितला. मी म्हणालो, मावशींचा नळ जरा बारीक झालाय, म्हणून. ते म्हणाले, हं. मी उतरलो. ते आत गेले. मावशींनी रेडिओ लावला. नको तितका मोठा.

जरा वेळाने आतून जुना, ओळखीचा गडगडाट झाला. साहेबांचा फोन आला असता तर मी सांगितलं असतं, घरीच आहे.

बाबा बाहेर आले, खुर्चीत बसले, पेपर उघडला. पेपरच्या मागूनच म्हणाले, जा, तूही जाऊन ये. आज काही तुझं ऑफिस नाहीये. वॉचमनला तरी किती रविवार खोटं सांगशील?

त्यांना कुणी सांगितलं? विचारायचं धाडस झालं नाही.

मी वर गेलो आणि आणखी दोन बादल्या आणल्या, स्टुलावर चढून ओतल्या. मग गेलो. मावशींना म्हणालो, मावशी, प्रयोगासाठी नाही. त्या म्हणाल्या, कडी नीट लाव.

दुपारच्या बसची वेळ टळून गेली. बाबा तोवर मावशींकडेच पेपर वाचत होते, एकच पान. बायकोने खाली त्यांच्यासाठी जेवण पाठवलं, आणि बरोबर पाण्याचा तांब्या. तो रिकामा परत आला. बॅग अजून भरलेलीच आहे, दाराशी. तिच्याकडे कुणी बघत नाही.

संध्याकाळ: लक्षात आलं, की सकाळी मी मावशींची टाकी रिकामीच सोडून आलो. वर जाऊन बादली भरली. खाली नेली. मावशी गॅलरीत होत्या, बाबा डुलकी काढत होते. आवाज न करता स्टुलावर चढलो आणि काठोकाठ भरून ठेवली.